आकड्याखालचा छेद

सावली हे वडोदरा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मराठी इतिहासात त्याचं नाव येतं ते पिलाजीराव गायकवाडांमुळे. 1732 साली डाकोरला त्यांचा खून झाला. त्यांच्या माणसांनी मही ओलांडून देह सावलीला आणला आणि तिथे अग्नी दिला. खून कसा झाला, ते ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. मारवाडच्या अभयसिंहाचे वकील तहाच्या बोलण्यासाठी पिलाजींच्या गोटात ये-जा करत होते. एका संध्याकाळी बोलणी आटोपून ते बाहेर पडले. त्यांतला एक जण, काही महत्त्वाचं सांगायचं राहिलं म्हणून परत आला, पिलाजींच्या कानाशी लागला आणि त्यानं कट्यार चालवली. सारी हयात मोहिमांत घालवलेल्या सरदाराला मरण आलं ते तंबूत शिरायची मोकळीक मिळालेल्या माणसाच्या हातून.

त्या काळी गुजरातच्या गावांना भीती होती ती मात्र पिलाजींची आणि त्यांच्या स्वारांची. चौथाई वसूल करायला येणारा, वेगळी भाषा बोलणारा, घोड्यावरचा परका माणूस म्हणजे मराठा. आज वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात मिसळणाऱ्या आपल्या घरांनी हे विसरू नये. परक्याची भीती हा विषय निघतो तेव्हा आपण स्वतःला नेहमी घाबरणाऱ्याच्या जागी ठेवतो. ज्याला लोक घाबरले त्याच्या जागीही आपण होतो.

आज सावली तालुक्यात परका माणूस म्हणजे मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेला उत्तर प्रदेशाचा, बिहारचा, ओडिशाचा कामगार. आणि रानटी जनावर म्हणजे मगर. महीत मगरी आहेत, विश्वामित्रीत आहेत, सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावात आहेत. या दोन्ही भीतींबद्दल बोलताना सध्या लोक आकडे पुढे करतात. आकड्यांनी बोलणं ही चांगलीच सवय आहे. पण धोक्याचा आकडा हा अपूर्णांक असतो. वरचा अंश बातमीत छापून येतो, खालचा छेद कुठेच छापला जात नाही, आणि निम्म्या अपूर्णांकावर आपण आपली भीती उभी करतो. माझा सगळा आक्षेप या निम्मेपणाला आहे, कारण त्याची किंमत माणसांनी जिवानं मोजलेली आहे.

मगरीपासून सुरुवात करू. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री वडोदऱ्याच्या मध्यातून वाहते आणि एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात शेकडो मगरी बाळगून असते. काळा घोडा पुलावर लोक कठड्याला टेकून वाळूत पहुडलेली मगर पाहतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी सोसायट्यांत शिरलं, त्याबरोबर मगरीही आल्या. वन विभागानं आणि प्राणिमित्र संस्थांच्या स्वयंसेवकांनी तीन दिवसांत दोन डझन मगरी रहिवासी भागातून पकडल्या. छपरावर बसलेल्या मगरीचं छायाचित्र देशभर गेलं. त्या पुरात गुजरातेत माणसं मेली ती बुडून, भिंती कोसळून, विजेचा धक्का बसून. छायाचित्र राहिलं मगरीचं.

शहरात इतक्या मगरी असूनही हल्ले कमी का होतात? एका ओळीचं उत्तर असं की शहरातला माणूस नदीत उतरत नाही. तो पुलावरून जातो, नळाचं पाणी पितो, कपडे घरात धुतो. मगरीचा धोका ज्याला आहे तो खेड्यातला माणूस. कपडे धुवायला ओढ्यावर जाणारी बाई, गुरं पाण्यावर नेणारा मुलगा, जाळं टाकणारा मच्छीमार. जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येनं हल्ल्यांना भागलं तर धोका नगण्य दिसतो. गुजरातेत 2022 साली रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं मेली, त्यापुढे मगर काहीच नाही असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे. पण छेदात सगळा जिल्हा घातला की शहरात अलकापुरीतल्या फ्लॅटमधली माणसं आणि महीकाठी गुडघाभर पाण्यात उभी असलेली बाई एकाच हिशेबात येतात. तिचा धोका तिच्या वाट्याला न येणाऱ्या सुरक्षिततेत बुडून जातो. ‘मगरीला घाबरू नका, आकडे बघा’ असं तिला सांगणं हे शास्त्र नाही. तिच्यासाठी खरा छेद वेगळा आहे: त्या काठावर, त्या ऋतूत, किती वेळा कोण पाण्यात उतरलं.

2024 च्या सुमारास जगभर एक प्रश्न फिरला. जंगलात एकटी असताना समोर कोण यावं, अनोळखी पुरुष की अस्वल? असंख्य बायकांनी अस्वल म्हटलं. पुरुष चिडले, आणि दोन्ही बाजूंनी आकडे काढले. एका बाजूनं म्हटलं, अस्वलं वर्षाला किती माणसं मारतात आणि पुरुष किती बायका मारतात ते बघा. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, बाई रोज शेकडो पुरुषांजवळून सुखरूप जाते. शेकडो अस्वलांजवळून गेली असती तर? हिशेब म्हणून दुसऱ्या बाजूचं बरोबर आहे. आपल्याकडचं अस्वल काही गोष्टीतलं मधाळ अस्वल नाही. जुन्या मध्य प्रदेशात 1989 ते 1994 या पाच वर्षांत अस्वलांनी 735 जणांना जखमी केलं किंवा मारलं, त्यांत 48 मृत्यू होते. माणसाची गाठ पडली की अस्वल चेहऱ्यावर झडप घालतं. रतनमहाल किंवा जांबुघोड्याच्या रानात मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या आदिवासी बाईला हा प्रश्न विचारला, तर ती क्षणभरही विचार करणार नाही.

तरीही ज्या बायकांनी अस्वल म्हटलं त्यांना अडाणी ठरवण्याची घाई मला पटत नाही. त्या संभाव्यतेचं गणित मांडत नव्हत्या. अस्वलानं हल्ला केला तर कुणी विचारणार नाही की तू तिथे कशाला गेली होतीस, कपडे कोणते होते, आधी ओळख होती का. अस्वलाच्या हल्ल्याची तक्रार मागे घ्यायला घरचे दबाव आणणार नाहीत. त्यांच्या उत्तरात एक मोजमाप आहे, फक्त ते हल्ल्याचं नाही, हल्ल्यानंतरच्या आयुष्याचं आहे. ते मोजणारा रकाना कुठल्याही तक्त्यात नाही.

रकाने कोण आखतं, हा प्रश्न जुना आहे. आपल्या देशात तर तो एका विशिष्ट काळाशी बांधलेला आहे. 1870 च्या दशकात इंग्रज सरकारनं दोन गोष्टींची एकदमच मोजदाद मांडली. एक, हिंस्र श्वापदं आणि साप यांनी मारलेली माणसं. इंग्रज डॉक्टर जोसेफ फेररनं 1872 मध्ये सापांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला, त्यात बंगालसह काही प्रांतांतले 1869 या एका वर्षातले सर्पदंशाचे 11,416 मृत्यू नोंदवले. मग दरवर्षी प्रांताप्रांतांतून तक्ते जाऊ लागले: वाघानं किती, बिबट्यानं किती, लांडग्यानं किती. त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात किती जनावरं मारली आणि किती बक्षीस वाटलं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. लांडगा आपल्या माळरानावरून जवळजवळ पुसला गेला, तो या तक्त्यातून.

दुसरी मोजदाद माणसांची. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण जमातींची नावं नोंदवहीत चढवली. एखाद्यानं चोरी केली का, हा प्रश्न उरला नाही. तो कुठल्या जमातीत जन्मला एवढं पुरलं. हजेरी, परवाने, गावाबाहेर जायला बंदी. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण सांगणारी घरं अजून आहेत. श्वापदांचा तक्ता आणि जमातींची यादी यांच्यामागे एकच समजूत होती. धोका कोणात आहे हे एकदा ठरवलं, त्याची संख्या काढली, की बंदोबस्त सोपा. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यांतली आणि गावागावांतली नजर रद्द झाली नाही. 1998 मध्ये विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठीचा जो गट उभा राहिला, तो इथे वडोदऱ्यात: गणेश देवी, महाश्वेता देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकारानं. कायदा जाऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती, तरी असा गट काढावा लागला.

त्याच नजरेचा सर्वांत भयंकर दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी आली अशी हाकाटी झाली, आणि जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच्या काही दिवस आधी अहमदाबादेत भिक्षा मागणाऱ्या एका बाईचा याच संशयावरून जमावानं जीव घेतला होता.

त्या उन्हाळ्यात मोबाईलवर एक चित्रफीत सर्वत्र फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ही चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जाहिरातपट होता. मूळ पटात मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतो आणि हातातला फलक उघडून दाखवतो. तो शेवट कापून टाकला होता. कापलेल्या भागात फलक होता, खुलासा होता, कुठल्या शहरातली गोष्ट आहे ते होतं. उरलं फक्त भय.

चित्रफितीला बळ दिलं ते मात्र खऱ्या आकड्यांनी. देशात दरवर्षी हजारो मुलांचं अपहरण होतं, हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं होतं आणि ते सरकारी होतं. त्यामागचा नियम कुणी सांगितला नव्हता. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली तर सुरुवातीला अपहरण किंवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. आदेश अत्यंत योग्य होता. त्याआधी गरिबाचं मूल हरवलं तर ठाण्यात कागदही पुढे सरकत नसे. पण या आदेशानंतर रुसून घर सोडलेला मुलगा, वाट चुकलेलं लेकरू आणि आवडत्या मुलाबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी ही तिन्ही प्रकरणं कागदावर अपहरण झाली. 2022 मध्ये देशात 83,350 मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यांत बासष्ट हजारांहून जास्त मुली होत्या. त्याच वर्षी 80,561 मुलं सापडली. हरवलेल्यांत मुलींची संख्या तिपटीनं मोठी का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्या घरांत, लग्नाच्या सक्तीत, मारझोडीत शोधावं लागेल. जमावाला त्या प्रश्नाशी देणंघेणं नव्हतं. त्याला आकडा मिळाला आणि समोर झोळीवाला माणूस मिळाला.

राईनपाड्याच्याच वर्षी गुजरातेत आणखी एक प्रकरण घडलं. सप्टेंबर 2018 च्या शेवटी हिंमतनगरजवळ चौदा महिन्यांच्या बालिकेवर अत्याचार झाला आणि बिहारचा एक कामगार पकडला गेला. पुढच्या काही दिवसांत उत्तर आणि मध्य गुजरातेत हिंदीभाषक कामगारांवर हल्ले सुरू झाले. शेकडो हल्लेखोरांना अटक झाली, तरी हजारो कामगार बायकामुलांसह मिळेल त्या गाडीनं गुजरात सोडून गेले. एका माणसाच्या गुन्ह्याचा अंश आणि खाली छेदच नाही. परप्रांतीय कामगार या राज्यात लाखांनी आहेत. मंजुसर, मकरपुरा, हालोलची यंत्रं त्यांच्या हातांवर चालतात. त्यांच्यातल्या गुन्ह्यांचं प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त आहे की कमी, हे कुणीही विचारलं नाही. विचारून उत्तर आलं असतं तरी जमाव थांबला असता असा माझा दावा नाही. पण जे लोक जमावात नव्हते, ज्यांनी फक्त मान डोलावली, ते कदाचित थांबले असते. अशा वेळी गावाचा कल ठरतो तो मान डोलावणाऱ्यांवर.

इथे पुरोगामी माणूस हटकून एक आकडा काढतो, आणि त्याचीही तपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात बलात्काराचे 31,516 गुन्हे आहेत, आणि त्यांतल्या सुमारे 96 टक्क्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा आहे. म्हणून अनोळखी माणसाची भीती फोल, असा निष्कर्ष काढला जातो. अंश बरोबर आहे. छेद? आपण आयुष्याचा बहुतेक वेळ ओळखीच्या माणसांत घालवतो. त्यामुळे जे काही वाईट घडेल त्यातलं बरंचसं ओळखीच्यांकडून घडणार. शिवाय ओळखीच्या रकान्यात घरचे आहेत, शेजारी आहेत, मालक आहेत आणि लग्नाचं वचन देऊन फसवल्याचा आरोप असलेले मित्रही आहेत. आणि मुळात हा ठाण्यापर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांचा आकडा आहे. ज्याचं नाव सांगता येतं त्याच्याविरुद्ध तक्रार होते. बसमध्ये अंगाला हात लावून उतरून गेलेल्याविरुद्ध होत नाही.

याचा पुरावा दुसऱ्या मोजणीत आहे. महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये बाल अत्याचारावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात, महाराष्ट्र, गोवा धरून तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांना त्यांचे अनुभव विचारले. 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीचे किंवा विश्वासातले लोक निम्मे होते. पोलिसांच्या वहीत 96 टक्के, मुलांच्या तोंडून निम्मे. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. एक वही गंभीर आणि नोंदलेल्या गुन्ह्यांची आहे, दुसरीत न नोंदलेलं, रस्त्यावरचं, गर्दीतलं, थोडक्यात आटपलेलं सगळं आहे. मुलीला रस्त्याची भीती वाटते ती भ्रमातून नाही, अनुभवातून वाटते. तिला 96 टक्क्यांचा आकडा दाखवून गप्प करणारा माणूस तिच्यावर अन्याय करतो.

आणि दोन्ही वह्यांत नसलेलं एक नातं आहे. सज्ञान पत्नीवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आपला कायदा बलात्कार मानत नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम ठेवला आहे. जे गुन्हा नाही त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून आकडा नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019 ते 2021 या काळात घरोघरी जाऊन विचारलं, तेव्हा विवाहित बायकांपैकी 29 टक्क्यांनी नवऱ्याचा हिंसाचार भोगल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. एवढ्या व्यापक धोक्याबद्दल मुलींना सावध करणारी एकही गोष्ट आपल्या आज्यांनी सांगितली नाही. लांडगा सांगितला, झोळीवाला बुवा सांगितला.

मग मोजायचं कसं? सर्पदंशाच्या मोजणीनं याचं फार चांगलं उदाहरण घालून दिलं आहे. दवाखान्यांच्या नोंदींत सर्पदंशाचे मृत्यू थोडे दिसत, कारण बहुतेक माणसं दवाखान्यात पोचायच्या आधीच मरत. ‘मिलियन डेथ स्टडी’च्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मृत्यूची हकिकत विचारली. 2020 मध्ये निष्कर्ष आला की 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सापानं सुमारे बारा लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी 58 हजार. हत्ती दरवर्षी पाचशेच्या आसपास माणसं मारतात, वाघ त्याहून खूप कमी. साप त्यांच्या कितीतरी पट, आणि त्याच्या बातम्या येत नाहीत. पण या अभ्यासाचं मोठेपण या बेरजेत नाही. त्यानं सांगितलं की निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये होतात, जवळजवळ सगळे खेड्यांत होतात, आणि सत्तर टक्के आठ राज्यांत होतात, ज्यांत गुजरात आहे. यातून काय करायचं ते लगेच कळतं. पावसाळ्यात विजेरी, बूट, खाटेवर झोपणं, तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या कुप्या. कुठल्याही सापाला न मारता.

उलट बाजूचा धडा जुन्नरनं दिला. 2001 ते 2003 मध्ये तिथे उसाच्या पट्ट्यातले बिबटे पकडून दूर सोडायची मोहीम चालली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते मोहिमेच्या काळात सतरावर गेले. बिबट्याला त्याच्या ओळखीच्या मुलखातून उचलून परक्या मुलखात टाकलं की तो जास्त घातक ठरतो. शेजारच्या अकोले तालुक्यात शेतांमध्ये शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे राहत होते, भोवती दाट वस्ती होती, आणि अभ्यासाच्या काळात एकही माणूस त्यांनी मारला नाही. कोण आहे, किती आहेत, यावरून धोका कळला नाही. कुठे, केव्हा, कशा स्थितीत, यावरून कळला.

मला आग्रहानं एवढंच म्हणायचं आहे. आपले धोक्याचे तक्ते ‘कोण’ या रकान्यानं सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. मगर, बिबट्या, परप्रांतीय, भटका, अनोळखी. ‘कोण’ वाचलं की माणूस शत्रू शोधतो. ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ वाचलं की तो उपाय शोधतो. आणि ज्या धोक्याला चेहराच नाही तो ‘कोण’च्या रकान्यात मावत नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती, बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हतं. 9 जुलै 2025 ला पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल वाहनांसह कोसळला. किमान वीस माणसं मेली. पूल 1985 चा होता, आणि तो हलतो अशा तक्रारी आसपासच्या लोकांनी आधीच केल्या होत्या. त्या सकाळी महीनं जितके बळी घेतले, तितके मगरीला घ्यायला किती वर्षं लागली असती? महीच्या मगरीबद्दल सावधगिरीच्या पाट्या लागतात. पुलाच्या तपासणीचा अहवाल पुलावर चिकटवलेला मी तरी कुठे पाहिला नाही.

सावली तालुक्यातल्या लांछनपूरला उन्हाळ्यात वडोदऱ्याहून तरुण मुलं महीत पोहायला जातात आणि त्यांतली काही बुडतात. प्रत्येक वेळी बातमी येते, ती एका दिवसात विरते, कारण मारणारा कोणी नसतो. हीच नदी, हाच काठ, हाच मे महिना, हीच दुपार. धोक्याचा एवढा नेमका पत्ता क्वचित मिळतो. तिथे दोर, पोहणारा माणूस आणि खोल पाण्याची खूण असली तर पुरेसं आहे.

म्हणून महीकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे, की मगर दिसली की पिंजरा मागवण्याआधी धुण्याच्या जागेचा विचार करा. श्रीलंकेत नदीकाठी आंघोळीच्या जागेभोवती पाण्यातच खुंटांचं भक्कम कुंपण घालतात. मगर बाहेर राहते, माणूस आत. आपल्याकडे ते करायला फार पैसा लागत नाही, आणि घरात नळ आला तर तेही लागत नाही. वर्तमानपत्रांनी गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं राज्य छापायचं असेल तर त्या राज्यातले किती लोक इथे कष्ट करून राहतात तेही छापावं, नाहीतर दोन्ही सोडावं. शाळांनी मुलांना अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये हे जरूर शिकवावं, आणि त्याच तासाला हेही शिकवावं की ओळखीच्या माणसानं, घरातल्या मोठ्यानं, गुरुजींनी जरी नको तसा हात लावला तरी सांगायचं, आणि सांगितल्यावर आम्ही विश्वास ठेवू. पालकांनी ते शेवटचं वाक्य आज रात्री जेवताना आपल्या मुलांना एकदा म्हणून दाखवावं. घरात कुणाला सांगता येत नसेल तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतः त्यावर फोन करू शकतं.